जागेखालचा फॉल्ट : सिस्मिक सर्व्हेत काय दिसतं, काय नाही

आम्ही सिस्मिक सर्व्हे करतो, म्हणजे धक्क्याच्या लहरींनी जमिनीखालचे थर बघतो. आम्हाला पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच येतो, भूकंप कधी होणार ते मशीनवर दिसतं का. नाही दिसत. तारीख कुणालाच सांगता येत नाही आणि कुणी सांगतो म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. आम्ही शोधतो ते एवढंच, की तुमच्या जागेखालून फॉल्ट (खडक तुटून सरकल्याची भेग) जातो का, कुठून जातो, आणि त्याने कुठले थर तोडलेत.

काम बघायला साधं वाटतं. एका रेषेत जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारी छोटी यंत्रं) रोवायचे, लोखंडी प्लेटवर मोठा हातोडा मारायचा (खूप खोलवर बघायचं असेल तर जमीन थरथरवणारा ट्रक लागतो), धक्क्याच्या लहरी खाली जातात, थर बदलला की त्यातल्या थोड्या परत फिरतात आणि किती मिलिसेकंदांनी परतल्या ते नोंदलं जातं, मग या नोंदी कॉम्प्युटरवर जुळवून जमिनीचा उभा छेद तयार होतो. त्यात उभा फॉल्ट स्वतः सहसा दिसतच नाही, दिसतात ते आडवे थर, आणि सलग चाललेला थर मधेच तुटून खाली सरकला असेल तर तिथे फॉल्ट आहे असं आपण समजतो.

आता फॉल्ट सापडला म्हणून लगेच घाबरायचं नाही, जुन्या खडकात निपचित पडलेले फॉल्ट भरपूर असतात. छेद खालून वर वाचायचा आणि तूट कुठल्या थरापर्यंत चढलीये ते बघायचं. वरचे ताजे थरही तुटलेले असतील तर तो सक्रिय. ताजे म्हणजे किती, तर कॅलिफोर्नियाच्या नियमांत गेल्या 11,700 वर्षांत हललेला फॉल्ट सक्रिय धरतात. थराचं वय कळलं की वेगही निघतो, 10,000 वर्षांचा थर 10 मीटर सरकला असेल तर सरासरी वर्षाला 1 मिलिमीटर.

पण वरचा थर अखंड दिसला म्हणजे तो अखंड आहेच असं नाही हं! लहरीचा वेग सेकंदाला 1600 मीटर आणि फ्रिक्वेन्सी 80 हर्ट्झ असेल तर लहरीची लांबी 20 मीटर, आणि साधारण तिच्या पावपटीहून, म्हणजे 5 मीटरहून लहान तूट निसटू शकते. म्हणून संशयाच्या जागी चर खणून थर डोळ्यांनी बघावे लागतात, त्यातल्या कोळशाचं कार्बन डेटिंग करावं लागतं. आमचा सर्व्हे चर कुठे खणायचा ते सांगतो, चराची जागा घेत नाही.

जमिनीवर काही दिसत नाही मग सर्व्हे कशाला, असंही विचारतात. 1994 साली कॅलिफोर्नियात नॉर्थरिजला 6.7 चा भूकंप झाला तो फॉल्ट जमिनीच्या वरपर्यंत आलेलाच नव्हता, आणि 2010 मध्ये न्यूझीलंडच्या कँटरबरीत 7.1 चा झाला तेव्हा तिथला फॉल्ट गाळाखाली गाडलेला, आधी कुणाला माहीतच नव्हता.

आणखी एक, फॉल्ट जागेपासून दूर असला तरी मऊ गाळावर हादरा वाढतो, त्यामुळे वरच्या 30 मीटरमधला शिअर वेव्हचा (जमीन आडवी हलवणाऱ्या लहरीचा) वेगही आम्ही मोजतो, तो कमी म्हणजे जमीन मऊ.

बोलावण्याआधी प्लॉटचा नकाशा आणि जुने बोअरचे रिपोर्ट असतील तर पाठवा. लाईन शक्यतो फॉल्टला काटकोनात टाकावी लागते, तिरकी गेली तर उतार खोटा दिसतो, त्यामुळे शेजारच्या जागेतून जायची परवानगी लागू शकते. सर्व्हे चालू असताना जवळपास जेसीबी, पंप, जनरेटर बंद ठेवा. रस्त्यालगतची जागा असेल तर आम्ही रात्रीच येऊ.