बेंचवरच्या गार्डवर एवढा जीव का?

एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, हंगाम सुरू झाला की चाहत्यांची एक मागणी ठरलेली असते: त्या बेंचवरच्या पोराला जास्त वेळ खेळवा. इंदूरमध्येही ती ऐकू येते. रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये सरावाला येणारी आपली मराठी मुलं पहाटेचे सामने बघतात आणि दहा-बारा मिनिटंच खेळायला मिळणाऱ्या एखाद्या विशीतल्या गार्डसाठी, म्हणजे चेंडू हाताळून चाल रचणाऱ्या खेळाडूसाठी, तावातावाने भांडतात. तोच उद्याचा स्टार, ही आशा मोठ्यांना भाबडी वाटते. पण ती हवेतून आलेली नाही.

सामना ४८ मिनिटांचा. मुख्य गार्ड साधारण ३५ मिनिटं मैदानावर असतो, उरलेला वेळ बदली गार्डचा. तेवढ्यात त्याला चेंडू पुढे आणायचा, चाल ठरवायची आणि आघाडी टिकवायची. शिवाय १९९५पासून ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्याचं मानधन त्याच्या निवडीच्या क्रमांकावरून ठरतं. म्हणजे मुलगा चमकला, तर संघाला काही वर्षं स्वस्तात मोठा खेळाडू मिळतो. चाहते हा हिशेब पक्का जाणतात.

स्टीव्ह नॅश १९९६ साली १५ व्या क्रमांकावर फिनिक्सकडे आला आणि केव्हिन जॉन्सन, जेसन किड यांच्यामागे बसून राहिला. १९९८मध्ये त्याला डॅलसला पाठवलं. पुढे फिनिक्सलाच परतून त्याने २००५ आणि २००६चा सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. त्याच नॅशचा बदली गोरान द्रागिच. मे २०१०मध्ये सॅन अँटोनियोविरुद्धच्या प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यात द्रागिचने एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे शेवटच्या बारा मिनिटांत, २३ गुण केले.

मात्र या आशेला खरं तोंड फुटलं ते ४ फेब्रुवारी २०१२ला. इंदूरला तेव्हा रविवारची सकाळ उजाडली होती. जेरेमी लिन, हार्वर्डचा पदवीधर, २०१०च्या ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेला. डिसेंबरमध्ये दोन संघांनी त्याला सोडून दिलं होतं. न्यूयॉर्क निक्सने नाइलाजाने बेंचवरून उतरवलं आणि त्याने न्यू जर्सीविरुद्ध २५ गुण केले. सहा दिवसांनी कोबी ब्रायंटच्या लेकर्ससमोर ३८. निक्स सलग सात सामने जिंकले. मार्चमध्ये गुडघा दुखावला आणि हंगाम तिथेच संपला, पण आशियाई चेहऱ्याचा एक गार्ड न्यूयॉर्कला वेड लावू शकतो, हे आपल्याकडच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या महिन्याचं मोल मला आजही फार वाटतं.

उलट उदाहरणंही आहेत. २००३च्या हंगामाच्या सुरुवातीला रे ॲलन जखमी होता, तेव्हा सिॲटलच्या रोनाल्ड मरेने ढिगाने गुण केले. ॲलन परतला, मरे बेंचवर गेला आणि स्टार काही झाला नाही. म्हणून नुसते गुण मोजू नयेत. समोरच्या संघाचे मुख्य खेळाडू मैदानावर असताना हा मुलगा चेंडू किती वेळा गमावतो आणि बचावात कुठे उभा राहतो, ते बघावं.

तरी अलीकडची उदाहरणं आशेच्याच बाजूची आहेत. २०२०मध्ये २१ व्या क्रमांकावर निवडलेल्या टायरिस मॅक्सीला जानेवारी २०२१मध्ये डेन्व्हरविरुद्ध प्रथमच सुरुवातीपासून खेळवलं, कारण फिलाडेल्फियाकडे त्या दिवशी जेमतेम सातच खेळाडू उरले होते. त्याने ३९ गुण केले. २०२४मध्ये हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची निवड झाली.

जेलन ब्रन्सनचं प्रकरण तर चाहते विसरायला तयार नाहीत. २०१८मध्ये तो ३३ व्या क्रमांकावर डॅलसकडे आला आणि बराच काळ बेंचवरूनच उतरत राहिला. एप्रिल २०२२मध्ये लुका डोन्चिच जखमी असताना त्याने युटाविरुद्ध ४१ गुण केले. त्याच उन्हाळ्यात करार संपला आणि न्यूयॉर्कने त्याला चार वर्षांसाठी सुमारे १०.४ कोटी डॉलर देऊन नेलं. डॅलसला बदल्यात एकही खेळाडू मिळाला नाही. तेव्हापासून चाहत्यांच्या मागणीत घाई आली आहे: खेळवा, आणि करार संपायच्या आत खेळवा.