कॉन्फरन्सचा पेपर ऑनलाइन कधी टाकायचा?

दापोलीत थिसिसचं टायपिंग, बाइंडिंग, पोस्टर छपाई करताना आमच्या काउंटरवर एक प्रश्न सारखा येतो: "पेपर ओपन रिपॉझिटरीत टाकला तर चालतो ना?" चालतो, आणि आमच्या मते अशा सगळ्यांना फुकट वाचता येणाऱ्या ऑनलाइन साठ्यात तो टाकलाच पाहिजे. प्रोसीडिंग्ज, म्हणजे कॉन्फरन्समधल्या पेपरांचे संग्रह, ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहतात आणि हापूसमधल्या साक्यावरचं (गर खराब होण्याच्या दोषावरचं) तुमचं काम देवगडच्या बागायतदाराला दिसतही नाही. कृषी विद्यापीठांचे थिसिस कृषिकोश या ऑनलाइन साठ्यात जातात, कॉन्फरन्सचा पेपर मात्र तुम्हालाच टाकावा लागतो. फक्त कुठली फाइल आणि केव्हा, हे आधी बघा.

कॉन्फरन्सला पाठवण्याआधीची प्रत म्हणजे प्रीप्रिंट. भौतिकशास्त्रातले लोक १९९१ पासून ती अर्काइव्ह (arXiv) या खुल्या ऑनलाइन साठ्यावर टाकत आले आहेत. लेखकाचं नाव झाकून परीक्षण होणार असेल, तर आधी कॉन्फरन्सचे नियम वाचा. शंका असेल तर निकालापर्यंत थांबा. पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज आधी, पेपर नंतर. विद्वत्सभेत वाचलेल्या पेपरला भारतीय कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण इंटरनेटवर टाकलेल्या फाइललाही ती मिळेल असं धरून चालू नका.

सगळ्यात मोलाची प्रत मधली: परीक्षकांच्या सूचनांप्रमाणे दुरुस्त केलेली, पण प्रकाशकाच्या मांडणीत न गेलेली. आयट्रिपलई (IEEE) ही अभियंत्यांची संस्था आणि प्रकाशक ही प्रत लेखकाच्या किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवू देते, छापील पीडीएफ नाही. काही प्रकाशक १२ महिने थांबायला लावतात. आणि नेमकी हीच प्रत हरवते. एक मॅडम प्रोसीडिंग्जची पीडीएफ घेऊन आल्या होत्या, प्रत्येक पानावर प्रकाशकाचा लोगो. वर्ड फाइल ज्या लॅपटॉपमध्ये होती, तो पावसाळ्यात बंद पडलेला. सगळे तक्ते आम्ही पुन्हा टाइप केले. म्हणून पेपर ॲक्सेप्ट झाल्याचा मेल आला की त्याच दिवशी दुरुस्त प्रत तारीख घालून वेगळी ठेवा. आमच्याकडे टाइप केलेल्या पेपरची अशी प्रत आम्ही पेनड्राइव्हवर देतो, त्याचे पैसे घेत नाही.

सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या झेनोडो या ओपन रिपॉझिटरीत कुठल्याही विषयाचा पेपर टाकता येतो, डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना पेपर वापरू देण्याचा, परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, तेव्हा सहलेखकांना आधी विचारा. पेपरात कुणाच्या बागेचा फोटो, नाव किंवा सर्व्हे नंबर असेल तर त्यांनाही.

येताना सही केलेला कॉपीराइट फॉर्म घेऊन या. तो सोबत बसून वाचू, मगच अपलोड करू.