हिरव्या दिव्यावर विसंबू नका: जोडीचा सर्व्हर तपासताना

खानापूरकडच्या पावसात लाईट गेली तरी पतसंस्थेचं काउंटर चालू राहावं म्हणून सर्व्हरमध्ये पॉवर सप्लाय, डिस्क, नेटवर्क केबल असं सगळं जोडीनं बसवतात. एक भाग बिघडला की दुसरा सगळा भार उचलतो. गोची तिथंच आहे. काम अडत नाही, म्हणून कुणी बघत नाही, आणि जोडीतला उरलेला भाग गेला की मगच धावपळ सुरू होते.

सुरुवात मागच्या बाजूनं करा. दोन्ही पॉवर सप्लायचे दिवे हिरवे हवेत. पण तेवढ्यावर थांबू नका, प्रत्येक वायर हातानं धरून भिंतीपर्यंत जा. दोन्ही वायरी एकाच यूपीएसवर असतील तर दुसऱ्या सप्लायला फारसा अर्थ नाही. भाराचंही तसंच. ५०० वॅटचे दोन सप्लाय म्हणजे हक्काचे ५०० वॅटच. सर्व्हर ६०० वॅट ओढत असेल तर एक गेल्यावर दुसरा तग धरणार नाही. दोन यूपीएस असतील तर प्रत्येकावर ४० टक्क्यांच्या आसपासच भार ठेवा.

लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये, म्हणजे दोन डिस्कवर एकच माहिती ठेवण्याच्या सोयीत, डिस्कच्या जोडीपुढे कंसात दोन ‘यू’ दिसले तर दोन्ही डिस्क चालू आहेत. एकाच्या जागी रेघ आली, तर ती डिस्क बाहेर पडली. डिस्क काढण्याआधी तिचा सिरीयल नंबर ताडून बघा. घाईत बिघडलेलीऐवजी चालू डिस्क उपसली जाते. ४ टीबीची नवी डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगानं भरायला साधारण साडेसात तास लागतात, काउंटर चालू असेल तर त्याहून जास्त. तेवढा वेळ सगळा हिशेब एकाच जुन्या डिस्कवर असतो, म्हणून बॅकअप आधी.

नेटवर्कचा दिवा फक्त स्विचपर्यंतचं, म्हणजे सगळ्या केबली जोडणाऱ्या डब्यापर्यंतचं सांगतो. स्विचच्या पुढची लाईन तुटली तरी तो लुकलुकतच राहतो. त्यासाठी पलीकडच्या राउटरकडून उत्तर येतं का, हे एकेका केबलवरून बघावं लागतं.

खरी परीक्षा वायर उपसूनच होते. मे महिन्यात, पावसाआधी, काउंटर बंद झाल्यावर बॅकअप घ्या आणि एक वायर काढा. सर्व्हरच्या देखरेख चिपच्या नोंदीत ‘रिडंडन्सी लॉस्ट’ (जोडीचा आधार गेला) उमटायला हवं. वायर परत लावा, दिवा हिरवा होऊन नोंद पूर्ववत झाल्यावरच दुसरी काढा. मधे घाई केली तर सर्व्हरच बसेल. अलर्टचा मेल कुणाला गेला तेही बघा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा पत्ता तिथं अजून असतो.