आत्मप्रतिरक्षा रोग

प्रतिरक्षा यंत्रणेने शरीरातीलच पेशींना परके समजून त्यांवर हल्ला केल्यामुळे होणारे रोग. व्यवहारात ‘ऑटोइम्यून’ आजार. प्रकार १ मधुमेहात अग्निपिंडातील (स्वादुपिंडातील) इन्शुलिन स्रवणाऱ्या पेशी नष्ट होतात, हाशिमोटो रोगात अवटू (थायरॉइड) ग्रंथी बाधित होते, तर ल्युपससारखे रोग त्वचा, सांधे, मूत्रपिंडे अशा अनेक ठिकाणी पसरतात. आमवात (रुमॅटॉइड) आणि कोडही याच गटात मोडतात.

या कल्पनेचा आरंभ केव्हापासून धरावा, याविषयी एकमत नाही. १९०० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी शेळ्यांना इतर शेळ्यांचे रक्त टोचले. त्या परक्या तांबड्या पेशी फोडणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार झाली, मात्र ती स्वतःच्या पेशींना अपाय करीत नव्हती. यावरून त्यांनी ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ हे तत्त्व मांडले. शरीर स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे बनवूच शकत नाही, असा त्याचा अर्थ पुढे रूढ झाला. अशा प्रतिपिंडांना आवर घालणारी व्यवस्था असावी, एवढेच एर्लिख यांना सुचवायचे होते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९०४ मध्ये डोनाट व लांडश्टायनर यांनी, थंडी बाधल्यावर लघवी लाल होणाऱ्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडणारे द्रव्य दाखवून दिले. तरीही हा विषय सुमारे अर्धशतक मागे पडला. १९५६ मध्ये लंडनमध्ये रॉइट, डोनिएक व सहकाऱ्यांना हाशिमोटो रुग्णांत अवटू ग्रंथीविरोधी प्रतिपिंडे आढळली. त्याच सुमारास रोझ व विटेब्स्की यांनी सशांत तसाच विकार निर्माण केला. काही लेखक येथूनच या शाखेचा आरंभ मानतात. पुराव्याच्या दृष्टीने १९०४ हेच वर्ष उचित ठरते. प्रतिरक्षा यंत्रणेला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींवरील (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवरील) संशोधनाला २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आनुवंशिकता, जंतुसंसर्ग व संप्रेरके (हॉर्मोन) यांचा या रोगांशी संबंध दिसतो. ल्युपसच्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात.

आरोग्यशिक्षण : हे रोग बहुधा दीर्घकाळ टिकत असल्याने रुग्णाला माहिती देणे हा उपचाराचाच भाग ठरतो. परिचर्येचे (नर्सिंग) विद्यार्थी बाह्यरुग्ण विभागात, वॉर्डात आणि सामुदायिक आरोग्याच्या प्रशिक्षणात घरभेटीच्या वेळी तक्ते व फ्लिपचार्ट वापरून हे काम करतात. मेथोट्रेक्सेट हे औषध आमवातात आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते; ते रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. स्टेरॉइड गोळ्या बऱ्याच दिवसांच्या वापरानंतर एकाएकी थांबवायच्या नसतात. ल्युपसमध्ये ऊन टाळावे लागते. इन्शुलिन गोठू द्यायचे नसते व रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे घरच्यांनाही ठाऊक असावी लागतात. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, तो स्पर्शाने पसरत नाही, हे तर रुग्णापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांनाच अधिक सांगावे लागते. मात्रा बदलण्याचा सल्ला विद्यार्थ्यांनी द्यायचा नसतो. तसा प्रश्न आल्यास तो डॉक्टरांकडे पाठवला जातो.

अशा शिक्षणाचे मूल्यमापन बहुधा आधीच्या व नंतरच्या प्रश्नावलीवरून होते. त्यातून माहितीत पडलेली भर कळते. औषधे नियमित घेतली गेली की नाही, हे त्यातून कळत नाही.