मांजराच्या कानातला काळा मळ: माइट्स की इन्फेक्शन?

मांजर कान खाजवतंय, डोकं झटकतंय. कान जरा उलगडून पाहावा तर आत काळपट मळ. इथवर पाहिलं की घरात कुणीतरी लगेच म्हणतं, "माइट्स झाल्यात." दुसरं कुणी म्हणतं, "नाही गं, इन्फेक्शन आहे." दोन्ही शब्द जणू एकाच अर्थाचे असल्यासारखे वापरले जातात. माइट्स हे कानात मुक्कामाला आलेले बारीक, गोचिडीच्या जातीचे जीव असतात. इन्फेक्शनमध्ये मात्र मुळात कानातच थोड्या प्रमाणात असणारे जिवाणू किंवा यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, बेसुमार वाढतात. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, आणि चुकीचं औषध घातलं तर मांजराचे दिवस वाया जातात. कान दुखत असताना गेलेला एकेक दिवस त्याला फार मोठा असतो.

हे मी पाहिलंय. आमच्या घरी एक पिल्लू आलं तेव्हा त्याच्या दोन्ही कानांत माइट्स निघाल्या होत्या. त्याचे उपचार संपले तरी थोडं औषध उरलं, बाटली कपाटात राहिली. काही महिन्यांनी मनी, म्हणजे आमची दीड वर्षाची मांजर, कान खाजवू लागली. मळ तसाच तपकिरी-काळा. मी तीच बाटली काढली आणि चार दिवस थेंब घातले. पाचव्या दिवशी ती कानाला हात लावू देईना, गुरगुरायला लागली. डॉक्टरांनी ओटोस्कोपने, म्हणजे कानात पाहायच्या दिव्याच्या उपकरणाने, पाहिलं तर आधी दिसला तो माझ्याच औषधाचा चिकट थर. तो साफ केल्यावर कळलं, एकाच कानात यीस्ट वाढलेलं आणि त्यामागे कानाच्या नळीत एक छोटा पॉलिप, म्हणजे मांसाची, कॅन्सर नसलेली गाठ. माइट्स एकही नव्हती. औषधाने पॉलिप झाला नव्हता, पण माझ्यामुळे चार दिवस उशीर झाला आणि दुखणं वाढलं.

तर मग फरक दिसतो कुठे?

मळापासून सुरुवात करू. माइट्सचा मळ बहुतेक वेळा कोरडा, भुसभुशीत, कॉफीच्या पुडीसारखा गडद असतो. यीस्टचा तपकिरीच, पण चिकट, मेणचट. जिवाणू असतील तर पिवळसर किंवा हिरवट पू येतो. वासाने बरंच कळतं. माइट्सच्या कानाला फारसा वास नसतो. यीस्टच्या कानाला कुबट वास येतो, आणि पू झालेल्या कानाची दुर्गंधी मांजर शेजारून गेलं तरी जाणवते. थोडासा फिकट तपकिरी मळ आणि आतली फिकट गुलाबी त्वचा मात्र निरोगी कानातही असते, तेव्हा मळ दिसला म्हणजे आजारच असं नव्हे.

दुसरी खूण मला जास्त भरवशाची वाटते: एक कान की दोन्ही. माइट्स बहुधा दोन्ही कानांत असतात. एकाच कानात त्रास असेल, मांजर वयाने मोठं असेल आणि घराबाहेर जात नसेल, तर माझा संशय इन्फेक्शनकडे जातो. त्यातही मांजरांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्या कानात इन्फेक्शन सहसा आपोआप होत नाही. त्यामागे काहीतरी असतं: ॲलर्जी, पॉलिप, आत अडकलेलं गवताचं कुसळ, कधी गाठ, आणि कधी माइट्सच. मूळ कारण तसंच ठेवून नुसते थेंब घातले तर कान बरा होतो आणि पुन्हा बिघडतो.

माइट्सचं तसं नसतं. त्या लागतात, एकमेकांच्या अंगाला अंग लावून झोपण्यातून. शास्त्रीय नाव ओटोडेक्टिस सायनोटिस. आकाराने अर्ध्या मिलिमीटरहून लहान. त्वचेत बीळ करत नाहीत, कानाच्या आत पृष्ठभागावरच राहतात आणि तिथला मळ, मेलेली त्वचा खाऊन जगतात. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून दोन दिवसांत मांजर खाजवायचं थांबलं तरी उपचार अर्धवट सोडायचे नसतात. त्या कुत्र्यालाही होतात, त्यामुळे घरातल्या सगळ्याच प्राण्यांवर एकदम उपचार करावे लागतात. पिल्लांमध्ये आणि बाहेर फिरणाऱ्या मांजरांमध्ये हे प्रमाण जास्त. खाजेची तीव्रता मात्र फसवी असते: काहींच्या कानात थोड्याच माइट्स असूनही ती कान रक्तबंबाळ करतात, तर काहींचे कान भरलेले असूनही ती स्वस्थ बसतात.

खाज आणि वेदना यांतला फरकही पाहावा. माइट्सच्या मांजराचा कान बाहेरून चोळला तर त्याला बहुधा बरं वाटतं, मागचा पाय आपोआप हलू लागतो. इन्फेक्शन असलेलं मांजर कानाच्या बुडाशी बोट लागताच डोकं काढून घेतं, ओरडतं, चावायलाही येतं. मनीचं गुरगुरणं तेच सांगत होतं.

घरी करून पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. कानाच्या पाळीवर, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या भागावर आपसूक आलेला थोडा मळ कापसाने टिपून काळ्या कागदावर पसरायचा आणि दिव्याखाली भिंगातून शांतपणे पाहायचं. पिल्लाच्या वेळी मी हे केलं होतं. पहिला अर्धा मिनिट नुसता कचरा दिसला. मग एक पांढरा ठिपका जागचा सरकला, थांबला, पुन्हा सरकला. असा हलणारा ठिपका दिसला तर माइट्स आहेत हे नक्की. दिसला नाही तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या खोल आत असू शकतात. आणि दिसला तरी इन्फेक्शन नाही असंही म्हणता येत नाही. माइट्समुळे सोललेल्या, ओल्या कानात जिवाणू आणि यीस्ट सहज वाढतात, म्हणजे दोन्ही एकदम असू शकतं. खरा निवाडा डॉक्टर कानातला नमुना काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहतात तेव्हाच होतो. काही मिनिटांचं काम असतं ते, आणि ते करूनच औषध द्या असं आपण आवर्जून म्हणावं.

आता डॉक्टरांकडे जाईपर्यंतचा वेळ. इथे सर्वांत जास्त नुकसान होतं ते काहीतरी करण्याच्या घाईने. मांजराच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. इअर बड घातला की मळ त्या वळणापाशी दाबून बसतो. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, व्हिनेगर सोललेल्या त्वचेला झोंबतात. टी ट्री ऑइल मांजरासाठी विषारी आहे, लसूणही, तेव्हा लसणाचं तेल कानात अजिबात नको. कुत्र्यांची कीटकनाशक औषधं तर हातही लावू नका: त्यांतलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेऊ शकतं. माणसांची वेदनाशामकं तशीच. पॅरासिटामॉल मांजराला थोडंसंही प्राणघातक ठरतं. आणि उरलेले थेंब, जे मी घातले होते, त्यांचा धोका आणखी वेगळा आहे. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आतल्या कानात उतरून ऐकण्यावर आणि तोल सांभाळण्यावर परिणाम करतात. पडदा शाबूत आहे की नाही, ते घरी बसून कळत नाही.

मग करायचं काय? थोडंच, पण उपयोगाचं. मागच्या पायांची नखं कापा, मांजर कापू देत असेल तर. गळ्यात कोन, म्हणजे कर्ण्यासारखी रुंद प्लास्टिकची कॉलर, घाला, म्हणजे कान खाजवून फाटणार नाही. पाळीवर बाहेर सुकलेला मळ कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने हलकेच पुसा, पण आत जाऊ नका. तपासणीच्या आदल्या दिवसापासून तर पुसणंही थांबवा. पुसून चकाचक केलेल्या कानातून डॉक्टरांना नमुनाच मिळत नाही. माइट्सचा संशय असेल तर इतर प्राण्यांपासून वेगळं ठेवा आणि अंथरूण गरम पाण्यात धुवा. फोनवर कानाचा एक स्पष्ट फोटो काढा, शिवाय मांजर चालताना आणि खाजवताना असा छोटा व्हिडिओ घ्या, कारण दवाखान्यात ते घाबरून पुतळ्यासारखं बसतं. आधी काही घातलं असेल तर ती बाटली सोबत न्या आणि लाज न बाळगता सांगा. मी सांगितलं तेव्हाच डॉक्टरांना तो चिकट थर कसला ते कळलं.

नुसती खाज असेल, मांजर खात-खेळत असेल, तर एकदोन दिवसांत वेळ घेतली तरी चालेल. पू, दुर्गंधी किंवा स्पष्ट वेदना असतील तर दुसऱ्या दिवसावर टाकू नये. खाजवून-झटकून पाळी उशीसारखी फुगली असेल तर आत रक्त साचलंय, तेही लवकर दाखवायचं. आणि डोकं एका बाजूला कललंय, मांजर गोल गोल फिरतंय, तोल जातोय, डोळ्यांची बुबुळं झरझर इकडून तिकडे हलतायत, एका बाजूची पापणी लोंबलीय किंवा एकच बाहुली बारीक झालीय, यातलं काहीही दिसलं तर त्रास मधल्या किंवा आतल्या कानापर्यंत पोहोचलेला असू शकतो. मग माइट्स की इन्फेक्शन हा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी निघायचं.

उपचारही दोन्हीचे वेगळे दिसतात. माइट्ससाठी आता बऱ्याचदा मानेच्या मागे त्वचेवर टाकायचं स्पॉट-ऑन औषध मिळतं, त्यात सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन असतं, आणि ते मांजराच्या वजनाप्रमाणे देतात. इन्फेक्शनमध्ये डॉक्टर आधी कान नीट साफ करतात, मग नमुन्यात जे दिसलं त्यावरचे थेंब देतात, आणि शेवटी पुन्हा तपासतात. मनीचा पॉलिप भूल देऊन काढावा लागला. थेंबांचे दिवस संपल्यावर पुन्हा नमुना पाहिला, तो स्वच्छ होता. आता कान चोळला तर ती डोळे मिटून मान पुढे करते.