चहाचा डाग आणि रेल्वेचा डबा

गेल्या आठवड्यात भाच्यानं मॉडेल रेल्वेचा एक डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला. एचओ स्केलचा, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान, निळा आयसीएफ (म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या बनावटीचा) डबा, लांबी साधारण साडेचोवीस सेंटीमीटर. "मामा, बघा की, जुना वाटतोय का?" कुठला तरी व्हिडिओ बघून त्यानं अख्ख्या डब्यावर पातळ तपकिरी रंगाचा हात फिरवला होता, छप्पर, दारं, खिडक्या, खालची चाकं, सगळीकडं सारखाच. पोराचा हात चांगला आहे, रंग कुठं साचलेला नव्हता, फुगलेला नव्हता, पण डबा जुना काही वाटत नव्हता, चॉकलेटमध्ये बुडवून काढल्यासारखा वाटत होता. म्हटलं, अरे, मळ असा बसत नाही, मळाला जागा असतात, आणि त्या जागा पाणी ठरवतं.

जुनं म्हणजे मळकं, आणि मळकं म्हणजे सगळीकडं तपकिरी, हा गैरसमज वेदरिंग, म्हणजे मॉडेल वापरून जुनं झाल्यासारखं रंगवणं, करायला लागणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा असतो, माझाही होता, म्हणून म्हटलं यावर जरा सविस्तर लिहावं.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली तसं आम्ही दोघं स्टेशनवर गेलो, प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि उभ्या असलेल्या एका निळ्या डब्याशी जाऊन नुसते बघत राहिलो. दाराशेजारचा दांडा हात लागून लागून चकाकत होता, तिथं मळाचा लवलेश नाही. खिडकीच्या खालच्या पट्टीवर मधे धूळ कमी, पण दोन्ही कोपऱ्यांतून एकेक काळपट ओघळ खाली उतरलेला, वर बोटाएवढा रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला. त्याच्या शेजारीच कुणीतरी पान थुंकलेलं, तो ओघळ मात्र सरळ खाली नव्हता, तिरका होता, कारण गाडी पळत असताना वाऱ्यानं तो मागं ओढलेला. भाचा म्हणाला, "मामा, हा इकडं तिरका आणि तो तिकडं, असं कसं?" कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन, रूळ इथं संपतो, त्यामुळं गाडी आली की इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि येताना जे टोक पुढं होतं ते जाताना मागं राहतं, म्हणून एकाच डब्यावर दोन्ही बाजूंना तिरके ओघळ. मिरजेहून 1891 साली गाडी इथं यायला लागली तेव्हापासून हे असंच चालू असणार, पानाच्या पिचकारीसकट.

आता मूळ मुद्दा. ओघळाची कड मधल्या भागापेक्षा गडद का असते? हे समजायला स्टेशनची पण गरज नाही, स्टीलच्या ताटात चहाचा एक थेंब टाका आणि वाळू द्या. मधे फिकट आणि कडेला गडद गोल रेघ उरते. हे आपण लहानपणापासून बघतोय, पण असं का होतं याचं नीट उत्तर 1997 साली मिळालं, शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये ते छापलं. उत्तर असं, की थेंबाची कड पृष्ठभागाच्या बारीक खडबडीत अडकून बसते, हलत नाही. थेंबाच्या मधोमध वाफेला सुटायला फक्त वरची बाजू, कडेला मात्र वर पण मोकळं आणि बाजूला पण मोकळं, म्हणून कडेचं पाणी जास्त झपाट्यानं उडतं. खरं म्हणजे त्यामुळं कड आत सरकायला पाहिजे, पण ती तर अडकलेली, मग उडालेल्या पाण्याची जागा भरायला मधलं पाणी कडेकडं वाहायला लागतं आणि वाहताना चहाचे बारीक कण सोबत घेऊन जातं. थेंब बघायला शांत असतो, पण आत मधून कडेकडं सतत धार चालू असते, आणि वाळायच्या शेवटच्या क्षणांत तर ती एकदम जोरात धावते. सगळा माल कडेला जाऊन पडतो. पुढं 2011 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की कण गोल नसून लांबट असले तर ते पाण्याच्या पृष्ठभागावर एकमेकांत अडकून जाळं करतात आणि मग गडद कड उमटतच नाही, डाग सगळीकडं सारखा पडतो. नुसत्या कणाच्या आकारानं एवढा फरक! मला हे वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

डब्याच्या बाबतीत हेच. पाऊस खिडकीची धूळ धुऊन कोपऱ्यात आणतो, तिथून ओघळ निघतो, पाऊस थांबला की ओघळ वाळतो आणि धूळ कडेला ठेवून जातो, पुन्हा पाऊस, पुन्हा कड. शेकडो वेळा झालं की तो गडद किनारीचा ओघळ तयार होतो. तपकिरी रंगाचा सरसकट हात मारून हे येणार नाही कारण त्यात कडच नाही.

यावर भाचा म्हणाला तसं तुम्ही पण म्हणाल, मग मॉडेलवर पण पाण्यात माती कालवून वरून सोडूया की, आपोआप ओघळ येतील. नाही येत. इथं जरा आकडे आहेत, थोडं सांभाळून घ्या.

पाण्याच्या थेंबावर दोन गोष्टी काम करतात, एक गुरुत्वाकर्षण, ते त्याला खाली ओढतं, दुसरा पृष्ठताण, तो त्याला गोळा करून धरून ठेवतो. मोठ्या आकारात गुरुत्व जिंकतं, छोट्या आकारात पृष्ठताण, आणि ही हद्द कुठं पडते ते सोप्या गणितानं काढता येतं: पृष्ठताणाला घनता आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकारानं भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. पाण्याचा पृष्ठताण मीटरला 0.072 न्यूटन, घनता 1000, गुरुत्वत्वरण 9.8, म्हणजे 0.00000735, त्याचं वर्गमूळ 0.0027 मीटर, म्हणजे 2.7 मिलीमीटर. याला कॅपिलरी लेंग्थ म्हणतात. यापेक्षा बऱ्याच लहान थेंबाला गुरुत्वाचं फारसं काही वाटत नाही, तो चिकटून बसतो. खऱ्या डब्यावर 2.7 मिलीमीटर म्हणजे काहीच नाही, थेंब थेंबात मिळून पाणी सरळ खाली पळतं. पण मॉडेलवर हीच लांबी 87 नं गुणा, साडेतेवीस सेंटीमीटर होते, म्हणजे खऱ्या डब्याच्या बाजूवर वीतभर उंचीचा पाण्याचा फुगा चिकटून बसल्यासारखं. डबा 87 पट लहान करता येतो, खिडकी करता येते, स्क्रू करता येतो, पाणी लहान करता येत नाही.

मग साबणाचा थेंब घालतात ना वॉशमध्ये, म्हणजे पाण्यात अगदी पातळ केलेल्या रंगात? घालतात, आणि घालावाच, पण तो कशासाठी ते समजून घ्या. साबणानं पृष्ठताण 0.030 च्या आसपास आला असं धरलं तरी वर्गमूळ आडवं येतं आणि लांबी होते पावणेदोन मिलीमीटर, स्केलमध्ये पंधरा सेंटीमीटर. म्हणजे ओघळ तरीही येत नाहीत. साबणाचा खरा उपयोग वेगळा आहे. साध्या पाण्याचा वॉश गोळे करून पॅनेलच्या मधेच थांबतो, आणि जिथं थांबतो तिथं चहाच्या डागासारखी कड पडते, म्हणजे मोकळ्या पत्र्याच्या मधोमध एक गोल, जो खऱ्या डब्यावर कधीच नसतो. साबण घातला की पाणी पसरत पसरत खिडकीच्या चौकटीपर्यंत, पट्टीच्या बेचक्यापर्यंत जातं आणि तिथं अडतं, कड तिथं पडते. आणि खऱ्या डब्याचा मळ नेमका तिथंच असतो. कड नाहीशी होत नाही, फक्त ती कुठं पडावी हे आपल्या हातात येतं.

ओघळ मात्र हातानंच काढायचे. अ‍ॅक्रिलिकचा रंग पक्का वाळलेला असला की खिडकीच्या कोपऱ्यात ऑइल पेंटचा सुईच्या टोकाएवढा ठिपका द्यायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळपास कोरडा पुसलेला चपटा ब्रश वरून खाली एकदाच ओढायचा. गुरुत्वाकर्षणाचं काम ब्रश करतो. एकदाच म्हणजे एकदाच, दुसऱ्यांदा ओढला की कडेची गडद रेघ पुसली जाते.

एक गोष्ट इथंच सांगतो. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर देवाचा चेहरा उमटला म्हणून गर्दी होते, हार पडतात, पेटी ठेवली जाते. भिंतीत जे होतं ते चहाच्या ताटात होतं तेच आहे, पाणी भिंतीतले क्षार घेऊन बाहेर येतं आणि जिथं वाळतं तिथं ठेवून जातं, आणि दोन ठिपके आणि खाली एक रेघ दिसली की त्यात चेहरा शोधायची आपल्या मेंदूला जन्मापासूनची सवय आहे. श्रद्धा ज्याची त्याची, पण त्या पेटीत पैसे टाकायच्या आधी घरात एक थेंब वाळवून बघा. आणि पाच मिनिटांत हुबेहूब जुना डबा म्हणून विकली जाणारी रेडीमेड किटं, त्यांचंही असंच, त्यात पावडर चांगली असते पण कुठं लावायची ते त्यांना माहीत नसतं, ते तुम्हाला बघूनच कळतं.

आता गंज. इथं पण थेंबच आहे. पॉलिश पेपर मारून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा. सगळ्यांना वाटतं कडेला हवा जास्त म्हणून कडेचं लोखंड खाल्लं जाणार. उलटं होतं. कडेला ऑक्सिजन भरपूर मिळतो, तिथं तो इलेक्ट्रॉन घेत राहतो, आणि ते इलेक्ट्रॉन पुरवायला लोखंड झिजतं ते थेंबाच्या मधे, जिथं ऑक्सिजन पोचत नाही. दोन्हीकडची रसायनं मधल्या वाटेत भेटतात तिथं गंजाचं गोल कडं पडतं. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांच्या नावानं हा प्रयोग ओळखला जातो. याचा डब्यावरचा अर्थ असा की गंज उघड्या पत्र्यावर आधी येत नाही, जिथं पाणी अडकतं आणि हवा कमी पोचते तिथून निघतो, पट्टीच्या मागून, बोल्टच्या डोक्याखालून, दाराच्या उंबऱ्याच्या सांध्यातून, फुगलेल्या रंगाच्या पोटातून. म्हणून ठिपका सांध्यात द्यायचा, पत्र्यावर नाही.

आणि हे आयसीएफच्या जुन्या पोलादी डब्याला. लाल-करड्या एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन बनावटीच्या डब्यावर गंजाचे ओघळ काढलेली मॉडेल मी बघितली आहेत आणि वाईट वाटतं, कारण एलएचबीचा बाहेरचा पत्रा स्टेनलेस स्टीलचा असतो, तो असा गंजत नाही. त्यावर धूळ दाखवा, ग्रीसचे डाग दाखवा, गंज नको. चाकांजवळ पण फरक आहे. जुन्या आयसीएफला ब्रेक ब्लॉक थेट चाकावर घासायचे आणि ते पूर्वी बिडाचे असायचे, त्यातून उडालेला बिडाचा भुगा गरम असतानाच गंजायला लागून बोगीवर, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यावर, आणि डब्याच्या खालच्या कडेवर बसायचा, म्हणून तो तांबूस रंग. एलएचबीला डिस्क ब्रेक, तिथं रंग जास्त करडा ठेवावा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बिडाचा भुगा मागितला की मिळतो, आपल्याकडं फाउंड्रीला तोटा नाही. मी तो मिठाच्या पाण्यात भिजवून, वाळवून, पुन्हा भिजवून चार दिवस ठेवला, सुंदर खरा गंज तयार झाला, आणि डब्यावर लावला तर खडी टाकल्यासारखा दिसला. हिशेब साधा आहे, 0.1 मिलीमीटरचा कण स्केलमध्ये पावणेनऊ मिलीमीटर होतो, म्हणजे डब्यावर हरभरे चिकटवल्यासारखं. म्हणून आता गेरू आणि पिवडी वापरतो, तलम कापडातून दोनदा गाळून. गेरू म्हणजे लोखंडाचा लाल ऑक्साइड, पिवडी म्हणजे पाणी धरून ठेवलेला पिवळा, आणि ताजा गंज हा दोघांच्या मधे पण पिवडीकडं झुकलेला असतो, म्हणून दोन भाग पिवडी, एक भाग गेरू, आणि जुना गंज दाखवायचा असेल तर चिमूटभर काजळी.

शेवटी मॅट वॉर्निश. चकाकी ही रंगाच्या वरच्या थरावरून परत फिरणाऱ्या जेमतेम 4 टक्के उजेडाची करामत आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असला की तो उजेड आरशासारखा एकाच दिशेला जातो, खडबडीत असला की सगळीकडं विखुरतो आणि रंगात मिसळून रंग फिकट करतो. उन्हानं जुन्या डब्याच्या रंगाचा वरचा थर पावडरीसारखा होतो, त्याचंही हेच, आणि म्हणूनच फिकट झालेला डबा पावसात भिजला की नवा दिसतो, पाणी खड्डे भरून काढतं. मॅट वॉर्निशमधली बारीक सिलिका हा खडबडीतपणा आणते.

पण ते वॉर्निश कोल्हापूरच्या जुलैत मारू नका. मागच्या वर्षी मी तीन आठवडे घालवलेल्या डब्यावर स्प्रे मारला आणि डोळ्यांदेखत तो दुधासारखा पांढरा पडला. वॉर्निशमधलं थिनर उडताना पृष्ठभाग गार करतं, बाहेरची हवा आधीच दमट, गार जागेवर पाणी जमतं आणि थराच्या आत बारीक पोकळ्या करून ठेवतं, त्या उजेड विखुरतात. फार जिवाला लागलं तेव्हा. तो डबा तसाच गुंडाळून ठेवला आणि ऑक्टोबर हीटमध्ये एका कोरड्या दुपारी लांबून थिनरचा अगदी हलका फवारा दिला, थर थोडा सैल झाला, अडकलेली ओल निघून गेली आणि निळा रंग परत वर आला.

भाच्याच्या डब्यावरचा तपकिरी थर आम्ही अल्कोहोलच्या बोळ्यानं हळूहळू उतरवला. त्याच्या मोबाइलमध्ये स्टेशनवरच्या त्या डब्याचे चाळीस फोटो आहेत. काल रात्री त्यानं डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीखालचा पहिला ओघळ काढला, ब्रश एकदाच ओढला, आणि दोन्ही कडा गडद राहिल्या. वॉर्निश दिवाळीच्या तोंडावर.