पन्नाशीनंतर सॅक उचलली की गुडघे झिजतात?

दादरच्या फलाटावर पाठीवर ट्रेकची सॅक दिसली की कुणीतरी हमखास म्हणतं, "या वयात? गुडघे झिजतील!" गुडघा म्हणजे काय टायर आहे? कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो खेळता राहतो हालचालीने. बसून राहिलं की मांडीचे स्नायू सुकतात, मग भार सांध्यावर येतो.

गुडघ्यांची परीक्षा असते ती उतरताना. तिथे दोन काठ्या, छोटी पावलं आणि मुख्य म्हणजे हलकी सॅक. राजमाची किल्ल्याला जाताना कोंदिवडे गावाकडची खडी चढण सोडून लोणावळ्याची लांब, सौम्य वाट धरा. किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीत जेवण मिळतं, स्टोव्ह घरीच ठेवा. (लाज कसली?) गुडघा सुजलेलाच असेल तर मात्र आधी डॉक्टर.